माय मदर रूमिनेट्स

“जुमला बनाव,” परीक्षा घ्यायला आलेले मोहतमीम साहेब म्हणाले आणि वाक्य कशावर करायचं ते दाखवायला त्यांनी छडीचं टोक फळ्यावरच्या शब्दावर टेकवलं.

रूमिनेट.

माणिकराव देशमुखांचा चंद्रभान ताडकन उठला. “द किंग रूमिनेट्स!” म्हणजे बादशहा गहन विचार करतात. साहेबांनी खुशीत मान डोलावली. मग काय, पुढच्या पोराने बादशहाला महालात बसवून विचार करायला लावलं, त्याच्या पुढच्याने बागेत. बिचाऱ्या बादशहाला उसंत म्हणून नव्हती.

दाराशी स्वतःच्या गोणपाटावर बसलेली म्हाळसा आपली बारी येण्याची वाट बघत होती. जिंतूरच्या त्या शाळेत ती एकटीच मुलगी, त्यातून मेंढरं राखणाऱ्या येडबाची. गंगाखेडच्या अंगाला चारा चांगला होता, दुसऱ्या दिवशी सकाळीच कळप निघायचा होता. बापाने निक्षून सांगितलं होतं, “साहेबानं वरच्या वर्गात घातलं तर ऱ्हा आत्यापाशी. न्हाई घातलं तर गुमान मेंढरामागं चल.”

पण म्हाळसाला भीती कसली ती नव्हती. इंग्रजी तिला पहिल्या दिवसापासून घरचीच वाटली होती. मास्तरांनी ‘माय मदर’ शिकवलं, तेव्हा तिला वाटलं होतं, साहेब लोक आईला लाडाने दोनदा हाक मारतात. माय-मदर! आई गं आई! ‘माय’ म्हणजे ‘माझं’ हे कळलं तेव्हा ती आठवडाभर इंग्रजीवर रुसली होती. आणि या नव्या शब्दाचे तर मास्तरांनी दोन अर्थ सांगितले होते. एक, खोल विचार करणे. दुसरा, रवंथ करणे. तिने तो शब्द तिथल्या तिथे उचलला.

“अब तू,” छडी तिच्याकडे वळली.

म्हाळसा उठली. “माय मदर रूमिनेट्स.”

वर्गात जे काही हसू फुटलं!

“हिची माय रवंथ करती रे!”

“मेंढराची मेंढरूच की! बँऽऽ!”

दिनकरराव मास्तर घाईने पुढे झाले. “हुजूर, पोर घाबरली. तिला म्हणायचं होतं, माय शीप रूमिनेट्स. म्हण गं. शीप म्हण. एवढंच म्हण आणि बस खाली.” त्यांचे डोळे अक्षरशः विनवत होते.

एकच शब्द बदलायचा होता. शीप म्हटलं की वरचा वर्ग, आत्याचं घर, पुढची सगळी पुस्तकं.

“न्हाई मास्तर. शीप न्हाई. मदरच.”

“बेटी,” साहेब समजुतीने म्हणाले, “ये बड़े लोगों का लफ्ज है. बादशाह, आलिम, फकीर. तेरी माँ अनपढ़ है ना?”

“हौ.”

“फिर वो क्या सोचती?”

म्हाळसाचे कान तापले. येत होती तेवढी सगळी इंग्रजी तिने गोळा केली आणि एकामागून एक सोडून दिली. “माय मदर रूमिनेट्स ॲट द वेल. शी रूमिनेट्स व्हेन शी कुक्स. माय फादर शाउट्स. माय मदर रूमिनेट्स. देन माय फादर डझ व्हॉट शी सेज!”

या वेळी मास्तरांनाच हसू आलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं. साहेबांना मात्र आलं नाही.

“किंग बोल,” ते म्हणाले. “आखरी बार.”

“किंगला मी बघितलंच न्हाई कदी,” म्हाळसा म्हणाली. “मायला रोज बघती.”

छडी दाराकडे फिरली. नापास.

म्हाळसा रडली नाही. निदान वेशीबाहेर पडेपर्यंत तरी नाहीच. तळावर आली तेव्हा दिवस कलला होता. तिची माय केवळाबाई वाघुरीचं जाळं मेंढरांभोवती ताणत होती आणि येडबा खुंट्या ठोकत होता. म्हाळसाने घडलं ते सगळं सांगितलं.

“एका शब्दापायी?” येडबाने हातातला दगड आपटला. “मेंढरू म्हन म्हनले तर म्हनायचं! तोंड झिजत होतं का तुजं? बास झाली साळा. सकाळी निघायचं.”

केवळाबाई जाळं ताणतच राहिली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “माझं नाव कशाला घेतलीस पन तू?”

“तुझं नाव न्हाई घेतलं माय. म्हनलं, माझी माय...” म्हाळसा अडखळली. “रवंथ करती. म्हंजी इचार करती. त्येंच्यात दोन्हीला एकच शब्द हाय.”

आता माय काय म्हणते!

“एकच हाय?” केवळाबाईने जाळ्याची गाठ आवळली. “मंग कुन्या शहान्यानं ठिवला असंल. दिवसा गिळल्यालं नंतर वर येतंयच की.”

तेवढंच. मग ती भाकरी थापायला बसली आणि शब्दही बोलली नाही. येडबा दोनदा ओरडला, एकदा पाणी आण म्हणून, एकदा उगीचच. तिने मान वर केली नाही. म्हाळसा चुलीपलीकडून तिच्याकडे बघत राहिली.

उजाडता उजाडता कळप हलला. वाट गावाला वळसा घालून, आत्याच्या घरावरूनच जात होती. बायनाबाई आत्या दारात सडा टाकत होती. केवळाबाईने तट्टू थांबवलं, त्याच्या पाठीवरल्या बोचक्यांतून म्हाळसाचं बोचकं ओढून काढलं आणि आत्याच्या ओसरीवर नेऊन ठेवलं.

“अगं, नापास हाय ती!” येडबा मागून ओरडला. “पुन्हा त्याच वर्गात बसंल!”

“बसंल की.”

“आन् त्या साहेबानं पुन्हा त्येच इचारलं तर?”

“तर ती पुन्हा त्येच सांगंल.”

येडबाने मेंढरांना उगाच हाळी दिली.

केवळाबाईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. तिने तट्टूचा कासरा धरला आणि कळपाच्या पुढे चालू लागली. तिच्यामागून मेंढरं निघाली आणि त्यांच्या धुळीतून, काठी खांद्यावर टाकून, येडबा.