समासातला पाइंटमन

मी एक्क्याण्णव साली वसमतच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागले आणि वर्षभरात अख्खं गाव मला टरकायला लागलं. टरकायलाच पाहिजे होतं. वाचनालय हळदीच्या आडतीच्या माडीवर. खाली हळद तोलायची आणि वर आमची पुस्तकं पिवळ्या अंगठ्यांची होऊन परत यायची. कुणी पानं दुमडायचं, कुणी आत एसटीचं तिकीट चिकटवायचं, कुणी नायिकेला मिशा काढायचं. मेल्यांना घरी पाटी नव्हती का? टेबलाच्या खणात मी एक जाड खोडरबर ठेवलं होतं आणि रोज संध्याकाळी पानं पुसत बसायचे. त्या खोडरबरानं मी एका माणसाचं फार मोठं नुकसान केलं, आणि अकरा वर्षं मला त्याचा पत्ताही नव्हता.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर सरकारी योजनेतून चार पुस्तकांचा एक संच आला. एक यंत्रांवरचं, एक अवकाशयानांचं, एक संगणकाचं आणि एक रेल्वेच्या इतिहासाचं. नवशिक्यांसाठी, सोप्या मराठीत, भरपूर आकृत्या. आमच्या समितीतले गोपाळकाका अवकाशाचं पुस्तक उलटंपालटं करून म्हणाले, "कालिंदी, अवकाश म्हणजे हे सुट्टीत वाचायचं का गं?" आणि स्वतःच खो-खो हसले. त्यानंतर महिनाभर त्या संचाला कुणी हात लावला नाही. लोकांना कादंबऱ्या हव्या असायच्या, नाहीतर पेपरमधलं राशिभविष्य.

हात लावला तो नरसिंगरावांनी. तेव्हा मी त्यांना नुसतं नरसिंग म्हणायचे आणि अरे-तुरेच करायचे, हेही सांगून टाकते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस. वसमत स्टेशनवर पाइंटमन होते. तेव्हा आमच्याकडे छोटी लाइन होती. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे फिरवायचे, सिग्नलचे दिवे लावायचे आणि ड्रायव्हरला गोळा द्यायचा, ही त्यांची कामं. गोळा म्हणजे लोखंडी चेंडू. वेताच्या कडीला कातडी पिशवी आणि पिशवीत गोळा. तो हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर पुढच्या स्टेशनाकडे गाडी हाकूच शकत नसे. लहानपणी मामाच्या गावाला जाताना मी खिडकीत बसायचे ती ती कडी बघायलाच. चालत्या गाडीतून ड्रायव्हरनं हात बाहेर काढावा आणि खालच्या माणसानं अलगद त्याच्या दंडात ती अडकवावी! काय मजा वाटायची तेव्हा. आता ती गाडीही नाही आणि ती खिडकीही नाही.

नरसिंगरावांची सुट्टी मंगळवारी. दुपारी साडेतीनला यायचे, खालच्या रांजणावर हात धुवायचे, शर्टाला पुसायचे आणि मगच जिना चढायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. एक पुस्तक न्यायचे, पंधरा दिवसांनी परत, की दुसरं. चारही संपली की पुन्हा पहिलं. "अरे, पाठ करून राहिलास का?" मी एकदा म्हटलं. ते म्हणाले, "न्हाई बाई, पैल्यांदा वाचलं तवा निस्तं वाचलं. आता समजून राहिलंय."

खरं सांगते, मला तो माणूस आवडायचा. अख्ख्या वसमतमध्ये हात धुऊन पुस्तक धरणारा तो एकटाच होता.

म्हणूनच त्या दिवशी माझं डोकं जास्त फिरलं असेल. चौऱ्याण्णवचा उन्हाळा. त्यांनी रेल्वेचं पुस्तक परत केलं, ते गेल्यावर मी उघडलं, आणि बघते तर काय, पानापानाच्या समासात पेन्सिल! बारीक, मुंगीएवढं अक्षर. कुठे बाण, कुठे चौकट, कुठे समास पुरला नाही म्हणून ओळींच्या मधूनही. उठले, यंत्रांचं काढलं, त्यातही तेच. अवकाशाचंही तसंच. संगणकाचं तेवढं सापडलं नाही. ते शाळेतल्या तातेराव मास्तरांकडे होतं, आणि मास्तर बदली होऊन पुस्तकासकट किनवटला गेले होते.

चार दिवस बसून मी तिन्ही पुस्तकं खोडली. पार मनगट भरून आलं. टेबलावर रबराचा चुरा पडायचा, तो मी फुंकून टाकायचे. काय लिहिलंय ते वाचलं? छे! घाण काढताना घाण कुणी वाचतं का?

मंगळवारी ते आले. वाचनालयात सात-आठ माणसं पेपर वाचत होती. मी सगळ्यांसमोर तोंडाचा पट्टा सोडला. "ही काय तुझ्या घरची वही आहे? शिकलेल्या लोकांनी लिहिलेलं पुस्तक आहे हे. तू कोण त्यात लिहिणारा?"

त्यांनी चष्मा सारखा केला. मग हळूच म्हणाले, "शिसपेन्सिलच व्हती बाई. शाई न्हाई लावली."

"उपकार केलेस! हे बघ, पुसून किती स्वच्छ केलंय." मी रेल्वेचं पुस्तक त्यांच्यापुढे आपटलं.

त्यांनी पानं उलटली. सगळीच कोरी. बराच वेळ उलटत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तुमी समदं पायलं का बाई?"

"पाहिलं! एकेक पान पाहिलं!"

"बरं," ते म्हणाले. पुस्तक टेबलावर सरळ ठेवलं आणि जिना उतरून गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

त्याच महिन्यात एका वकीलसाहेबांनी कादंबरीत शाईच्या पेननं रेघा मारून आणल्या होत्या. त्यांना मी म्हटलं होतं, "अहो साहेब, तुमच्या रेघांनी आम्हाला बोधच झाला की!" आणि हसले होते. हे मला आत्ता आठवतंय असं नाही. तेव्हाही आठवलं होतं, मी तिकडे बघितलं नाही.

वर्षं गेली. तातेराव मास्तरांनी निवृत्तीच्या वेळी संगणकाचं पुस्तक पोस्टानं परत पाठवलं, ते मी न उघडता कपाटात लावलं. दोन हजार पाच साली वाचनालयाला संगणक आला. पांढऱ्या टॉवेलखाली झाकून ठेवलेला. समितीनं सांगितलं, महिन्याभरात सगळी नोंद यात करायची, आधी हिंगोलीला प्रशिक्षण घ्या. मी गेले. शिकवणारा पोरगा चिन्मय म्हणून होता, माझ्या भाच्याच्या वयाचा. भराभर बोलायचा आणि मध्ये मध्ये "सोपंय काकू" म्हणायचा. मला एक अक्षर कळेना. चाळिशी उलटलेली बाई, सगळ्या गावाला दटावणारी, तिथे मागच्या बाकावर घाम पुसत बसले होते.

परत आले आणि कपाटातून ते जुनं पुस्तक काढलं. म्हटलं, नवशिक्यांसाठी आहे, बघू. तिसरं प्रकरण तर्कद्वारांचं, म्हणजे संगणक आतल्या आत हो-नाही कसं ठरवतो त्याचं. 'आणि', 'किंवा', 'नाही' अशी तीन द्वारं. आकृती बघून डोळे फिरले. आणि बाजूच्या समासात मुंगीएवढं अक्षर.

"दार काहून म्हंता, फाटक म्हना," असं वर लिहिलं होतं. खाली 'आणि'जवळ: "हे आपल्या गोळ्याचं मशीन. इकडचा मास्तर व्हय म्हनला अन् तिकडचा बी व्हय म्हनला तरच गोळा निगतो. एकट्याच्या म्हनन्यानं न्हाई." 'किंवा'जवळ: "लेवल क्रॉसिंग. गाडीवाला हिकडून येवो का तिकडून, फाटकवाल्याला उठनंच हाय." आणि 'नाही'जवळ: "शिंगलची तार. वढली तर थांब जातं. सोडली तर थांब येतं. उलटं."

मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायची गरजच नव्हती, अगं बाई, सगळं लख्ख कळलं! चिन्मयनं आठ दिवसांत जे सांगितलं नाही ते या माणसानं चार ओळींत सांगितलं होतं. मी खुर्चीत बसल्या बसल्या हसले. आणि मग त्या बाकीच्या तीन पुस्तकांकडे माझं लक्ष गेलं. कपाटात होती, स्वच्छ.

स्टेशनवर विचारलं तर कळलं, नरसिंगराव गेल्या वर्षी निवृत्त होऊन शिरड शहापूरला गेले. दुसऱ्याच दिवशी तिकडून जाणारी औंढ्याची बस धरली. पुस्तक पिशवीत होतं. माफी मागायची, एवढंच ठरवलं होतं. कशी मागतात ते मला माहीत नव्हतं, कारण आजवर मागितली नव्हती.

ते ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. मला बघून गडबडीनं उठले. "जय भीम, बाई. तुमी? इतक्या दूर?" आत हाक मारली, "पद्मा, वाचनालयाच्या बाई आल्या, च्या टाक."

मी चहाची वाट पाहिली नाही. पुस्तक उघडून पान त्यांच्यापुढे धरलं. "नरसिंगराव, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

त्यांनी चष्मा पुसला, बघितलं आणि एकदम ओशाळले. "हे ऱ्हाईलं व्हय खोडायचं? आणा, मी खोडून देतो. चुकलं ते."

"काय चुकलं?"

"समदंच. तुमी एकेक पान पायलं म्हनला व्हता. म्हनलं, बाई शिकल्याल्या हायत, तपासलं असंल. चूक नसतं तर खोडलं काहून असतं?" ते शेंगांच्या टरफलाकडे बघत बोलत होते. "मंग म्हनलं, आपल्याला कळत न्हाई तर उगं कशाला? ऐश्वर्या, पोरगी माझी, सायन्सचं काही इचारायला यायची. तिला बी म्हनायचो, मला नको इचारू, मास्तरला इचार. माझं चुकतंय."

अकरा वर्षं हा माणूस माझ्या रबराला तपासणी समजत होता.

"नरसिंगराव, मी वाचलंच नव्हतं हो," मी म्हणाले. "पाहिलं म्हणजे... नुसतं खोडलं मी. एक ओळसुद्धा वाचली नाही. हे परवा वाचलं. यावरून मला संगणक कळला. बरोबर आहे हे. अगदी बरोबर आहे. चुकले ते मी."

पद्माबाई चहाचे कप घेऊन दारात थबकल्या होत्या. नरसिंगरावांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ते पान आपलं आपणच वाचलं, ओठ हलवत, 'आणि' पासून 'नाही' पर्यंत. मग बायकोकडे वळून म्हणाले, "पद्मा, बराबर व्हतं म्हनं." पदराच्या टोकानं पद्माबाईंनी डोळे टिपले.

मला वाटलं, आता ते रागावतील. रागावायलाच हवं होतं. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

त्यांनी जपून पुस्तक मिटलं आणि मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, एखाद्या लेकरानं निकाल विचारावा तसं, "मंग बाई, त्या बाकीच्या तीन पुस्तकातलं बी बराबर असंल का? मला तर आता काही ध्यानात न्हाई."

मी "हो" म्हणाले. आणि परतीच्या बसमध्ये वसमत येईपर्यंत रडत होते.