निळं दार

पारू गेली, तरी तिचा मोबाइल मी चालू ठेवला. त्यात एक खेळ आहे. खेळ कसला, गावच. लांबलांबची माणसं आपापल्या मोबाइलमधून तिथं येतात, घरं बांधतात, झाडं लावतात, पारावर बसून बोलतात. पारूचंही तिथं घर आहे. मी रोज तिच्या झाडांना पाणी घालायला जाऊ लागलो. शेजारी ओळखीचे झाले. तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला त्या सगळ्यांना मी जेवायला बोलावलं. खऱ्या घरी, पुंडलिकनगरला.

मुलगी मेघा भाकरी थापत हसली. "बाबा, खेळातली माणसं जेवायला येत असतेत व्हय?"

"येतील! सोयगावची सोनिया सकाळीच एसटीत बसली. बाकीचे तिला स्टँडवर भेटणार."

"पत्ता नीट सांगितला ना?"

"सांगितला की. टाकीमागची गल्ली, निळं दार, दारात शेवगा."

मेघाचा हात थांबला. "बाबा! निळं दार आईच्या खेळातल्या घराला हाय. आपलं तपकिरी. अन् शेवगा कुठंय?"

मी दाराकडं बघतच राहिलो. वर्षभर त्या घरात जाऊन तेच डोक्यात बसलं होतं. खेळात निरोप टाकला, पण तिथं कुणीच नव्हतं. सगळे वाटेत. फोन नंबर एकाचाही नाही. पारूची माणसं गल्ली हिंडून माघारी गेली असती.

मी दुकानाकडं पळालो. निळ्या रंगाचा डबा आणला आणि दाराला ब्रश लावला.

"कडुबा, या वयात लग्नबिग्न काढलं का?" समोरून अप्पाराव ओरडले.

"पारूची माणसं येणार! निळं दार अन् दारात शेवगा शोधत!"

"मग एकटा काय करतो? दे इकडं ब्रश!"

खालची फळी मी जुन्या बनियनीनं रंगवली. अप्पारावांनी आपल्या शेवग्याची फांदी तोडून आमच्या खांबाला बांधली.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बाईचा आवाज आला. "तो बघा शेवगा! अन् दार! पारूमावशीचंच!"

ती धावतच आली. दोन्ही तळवे दारावर टेकवले.

"पोरी, रंग वलाय!"

"असू द्या काका." निळे हात जोडून ती म्हणाली, "जय भीम. मी सोनिया."

तिच्यामागं माणसंच माणसं. मेघा बाहेर डोकावली आणि तशीच आत पळाली.

"बाबा, पीठ आणा! लई माणसं हायेत!"