वकीलसाहेबांच्या फियाटचा कार्बोरेटर

मी एक जुना कार्बोरेटर बोलतोय. आजकालच्या गाड्यांत आम्ही नसतो, म्हणून आधी ओळख करून देतो. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनला भरवायचं, एवढंच माझं काम. पेट्रोल जास्त झालं की इंजिन गुदमरतं, हवा जास्त झाली की खोकतं. प्रमाण सांभाळण्यात जन्म गेला. गाडी पळाली की कौतुक इंजिनचं आणि बंद पडली की शिव्या मला. चालायचंच.

पण ज्या एका गोष्टीसाठी मला शिव्या मिळायला हव्या होत्या, त्यासाठी कुणी दिल्या नाहीत. तीच सांगायला बसलोय.

मी परतवाड्याच्या उद्धवराव वकिलांच्या पांढऱ्या फियाटमध्ये होतो. अचलपूरच्या कोर्टात त्यांची वकिली. दर खंडेनवमीला त्यांच्याकडे कायद्याच्या पुस्तकांची पूजा व्हायची, पेनाची व्हायची आणि फियाटचीही. पूजेआधी वकीलसाहेब स्वतः मला खोलायचे, पेट्रोलने धुवायचे, पुसून परत बसवायचे. अंगावर जुनी बनियन, तोंडात सुपारी आणि शेजारी पायरीवर कुंदाबाई, त्यांची बायको. नवरा बोलायचा कमी, ती दोघांच्या वाटचं बोलायची. मला ती सकाळ फार आवडायची.

त्या वर्षी पुसायला फडकं सापडेना. आदल्या दिवशीच त्यांचे एक जुने पक्षकार, किसनराव, शेतात सीतादही करून, म्हणजे वेचणीआधी दहीभाताचा नैवेद्य दाखवून, पहिल्या वेच्याचा कापूस घेऊन आले होते. "वैनी, देवाच्या वाती करा याच्या," म्हणाले होते. कुंदाबाई तोच कापूस मांडीवर घेऊन वाती वळत बसल्या होत्या. वकीलसाहेबांनी त्यातलाच चिमूटभर उचलला.

"अहो, देवाचा कापूस आहे तो."

"आजच्या दिवस हाही देवच," ते म्हणाले, आणि त्यांनी मला आतून पुसलं. इतक्या मायेने मला कुणी कधी पुसलं नव्हतं.

माझ्या पोटात पेट्रोलची एक वाटी असते. तिच्या तळाशी सुईच्या नाकाएवढं एक भोक असतं, त्याला जेट म्हणतात. इंजिनला जातं ते पेट्रोल त्यातूनच. कापसाचा एक तंतू त्या वाटीत राहून गेला. मला कळलं होतं. पण मला ओरडता येत नाही हो.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाबाईंच्या छातीत दुखायला लागलं. परतवाड्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब अमरावतीला हलवा. वकीलसाहेबांनी त्यांना मागच्या सीटवर निजवलं आणि निघाले. गावातून मी नीट चाललो. मोकळा रस्ता लागला तसा त्यांनी पाय दाबला. पेट्रोलची ओढ वाढली, तंतू उचलला गेला आणि जेटवर जाऊन बसला. मी आचके दिले आणि बंद पडलो.

ते किल्ली फिरवत राहिले. तंतू काही हलेना. मागून कुंदाबाई एवढंच म्हणाल्या, "घाई नका करू." मग उतरून रस्त्यात हात करत उभे राहिले. शेवटी एक सवारीची जीप थांबली, पण तोवर कुंदाबाई गेल्या होत्या. वकीलसाहेब परत येऊन स्टिअरिंगवर बसले. काय करावं ते न सुचून त्यांनी किल्ली फिरवली. ओढ थांबल्यावर तंतू आपसूक जेटवरून सुटला होता. मी एका दमात सुरू झालो.

त्या आवाजाने त्यांनी दचकून मागे पाहिलं, ते मी आजही विसरलेलो नाही.

पुढे मुलाने, ईशानने, त्यांना अकोल्याला जठारपेठेत आपल्याकडे आणलं. ईशान कृषी विद्यापीठात शिकवतो. फियाटही आली. गल्लीबोळात मी शहाण्यासारखा चालायचो. मोकळ्या रस्त्याला लागलं की कधीतरी तो तंतू उठायचा आणि गाडी थांबायची. वकीलसाहेब मग रागवायचे नाहीत. आरसा मागच्या सीटकडे वळवायचे आणि बोलायला लागायचे. घरातलं, नातवंडांचं, कोर्टातल्या जुन्या भानगडींचं. आयुष्यभर जे बोलले नव्हते ते सगळं. पोटभर बोलून झालं की किल्ली फिरवायचे आणि मी सुरू.

जठारपेठेत चर्चा व्हायला कितीसा वेळ लागतो. वकिलांच्या गाडीत बाई आहे म्हणे. कुणी लिंबू-मिरची बांधायला सांगितली, कुणी एका बाबाचा पत्ता दिला. वकीलसाहेब म्हणाले, "तिला हाकलायचं कशाला?" मला भुताची भीती वाटत नाही. पण माणूस एका कापसाच्या तंतूला बायको समजून बोलतो आणि तो तंतू आपल्या पोटात आहे, याची फार भीती वाटते.

मेकॅनिकांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, पंप बदलला. माझ्याकडे हात गेला की वकीलसाहेब अडवायचे. "तिकडे नको. तो मी स्वतः साफ केलाय." स्वतःही त्यांनी मला पुन्हा कधी खोललं नाही. अशी पंधरा वर्षं गेली.

यंदा मूर्तिजापूर रोडवर गाडी थांबली आणि मागून आलेला ट्रक थोडक्यात चुकला. ईशान पांढराफटक पडला. त्याने अमरावतीच्या जुन्या बाजारातून दुसरा कार्बोरेटर शोधून आणला आणि वडिलांना बजावलं, "बाबा, हा बसेल, नाहीतर गाडी विकेन."

गॅरेज चंद्रभानचं. हाताने सावकाश आणि तोंडाने फटकळ माणूस. त्याने माझी पेट्रोलची नळी काढली, चोकची तार सोडवली, दोन नट फिरवले आणि मला उचलून पत्र्याच्या टेबलावर ठेवलं. माझ्या जागी नवं गॅस्केट घातलं, त्यावर तो दुसरा बसवला. तार जोडली, इंजिन चालू केलं आणि डोळे मिटून, कान देऊन स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहिला. इंजिन एका सुरात चालू लागलं. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.

बाप-लेक बोरगावपर्यंत चक्कर मारायला गेले. इकडे चंद्रभानने मला खोललं. वाटी उपडी केली, पेट्रोल गेलं, आणि तो तंतू त्याच्या अंगठ्याला चिकटून आला. काळपट, ओला. कापसाच्या गावात वाढलेला माणूस, लगेच ओळखलं त्याने. "कापूस काहून आला याच्यात," असं पुटपुटत उभाच राहिला.

गाडी परत आली. ईशान खुशीत होता. "ऐंशीने गेली बाबा. एकदाही थांबली नाही."

वकीलसाहेब स्टुलावर बसले. ज्या माणसाने भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला, तो मागच्या रिकाम्या सीटकडे बघत होता. "ती आली नाही आज," ते म्हणाले. "चंद्रभान, जुना लावून दे."

ईशान चिडला. ट्रकखाली जायचंय का, म्हणाला. चंद्रभानने तंतू असलेला अंगठा तसाच धरून विचारलं, "वकीलसाहेब, याच्यात काय निंगालं ते सांगू का तुमाले?"

मला वाटलं, सुटलो. आता कुणीतरी सांगेल.

वकीलसाहेबांनी त्याच्या अंगठ्याकडे पाहिलं नाही. "नको," ते म्हणाले. "ज्याचं उत्तर आपल्याला ऐकवणार नाही, तो प्रश्न कोर्टात विचारू नये."

ईशानने मात्र पाहिलं. आईच्या वातींचा डबा त्याच्या देवघरात अजून आहे. कापूस कुठला, ते त्याने ओळखलं. मग म्हणाला, "लाव. पण गाडी मी चालवीन, आणि हायवेवर नाही." चाळीस वर्षांच्या धंद्यात चंद्रभानने कुणाच्या कार्बोरेटरमध्ये घाण परत घातली नव्हती. त्याने अंगठा वाटीत पुसला आणि झाकण लावलं.

आता दर रविवारी सकाळी आम्ही शेतांमधल्या आडरस्त्याने जातो. कधी ती पांढरी फियाट कडेला थांबलेली दिसली, तर मदतीला येऊ नका. बॉनेट उघडायला तर मुळीच लावू नका. पुढे मुलगा असतो, मागे म्हातारा, आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी असते.

गेल्या रविवारी गाडी अशीच थांबली. ईशान खिडकीबाहेर बघत होता. वकीलसाहेब त्या मोकळ्या जागेकडे वळून म्हणाले, "कुंदा, तू नको म्हणत होतीस. मी तो कापूस घ्यायला नको होता."

ईशानने किल्ली फिरवली नाही. मीही घाई केली नाही.