धरमपुरीचा उतार

देवासच्या शाळेत भूगोल शिकवणारे दत्तोपंत सुटी लागली की घरात टिकत नसत. मराठ्यांच्या फौजा माळव्यात कोणत्या वाटांनी शिरल्या, डोंगर कुठे चढल्या, नद्या कुठे ओलांडल्या, हे शोधण्याचं वेड त्यांना लागून सात वर्षं झाली होती. कन्नौदकडचे घाट त्यांनी पायी मोजले होते. धारच्या म्हाताऱ्या शिलेदारांच्या ओसरीवर बसून घोड्याला दाणा किती, मुक्कामावर कुणाचा तंबू कुणाशेजारी, हे उतरवून घेतलं होतं. या सगळ्याचा प्रबंध पुण्याच्या एका मंडळाकडे धाडायचा होता.

१९०८ च्या चैत्रात ते धरमपुरीला गेले. नर्मदेचा उतार, म्हणजे फौज पायी पार होई ती जागा, त्यांना नकाशावर हवी होती. ती दाखवली भवानीबाईनं. सत्तरी उलटलेली, काटक बाई. तिची आई फौजेमागून चालणाऱ्या बाजारबुणग्यांत होती. गोण्या लादलेले बैल हाकायची.

"घोडे आधी नाही जायचे, मास्तर," भवानीबाई म्हणाली. "आधी माझी आई जायची, बांबू घेऊन. दरसाल पूर आला की रेती इकडची तिकडे होते. म्हणून दरसाल उतार नव्यानं पाहावा लागतो, भाऊ."

दत्तोपंतांची लेखणी थांबली. शिलेदार म्हणाले होते की नदीचा उतार जासूद पाहत. बैल हाकणाऱ्या बाईचा शब्द प्रबंधात कसा घालावा? त्यांनी एकतीस ठिकाणी पाण्याची खोली मोजली, सुबक नकाशा काढला आणि ते परतले.

कार्तिकात लष्करी छावणीतून एका इंग्रज कप्तानाचं पत्र आलं. फाल्गुनात पलटण सरावासाठी धरमपुरीवरून नदी ओलांडणार होती. मास्तरांच्या नकाशाबद्दल ऐकलं आहे, नक्कल पाठवावी. हेडमास्तरांनी पत्र साऱ्या शाळेला वाचून दाखवलं. दत्तोपंतांच्या बायकोनं, इंदूनं, आळीत पेढे वाटले. नक्कल त्याच दिवशी टपालात पडली.

माघात एका दुपारी दत्तोपंत वर्गात शिकवत होते : पूर आला की नदी गाळ उचलते, दुसरीकडे टाकते, तिचा तळ बदलतो. बोलता बोलता हातातला खडू फळ्यावरच राहिला. आपण मोजलेल्या नदीवरून पावसाळा गेला होता.

त्यांनी छावणीला पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तेही गेलं कुठे कोण जाणे. फाल्गुन लागला तसा जेवताना घास हातात राहू लागला. शाळेतून आले की अंगणात येरझारा.

"अहो, जाऊन या एकदा," इंदू म्हणाली. "इथं फेऱ्या मारून तिथलं पाणी कमी होणार आहे का?"

"रजा देणार नाहीत."

"मग न देता जा."

"अगं, गेलो तर चारचौघांत सांगावं लागेल, नकाशा चुकला म्हणून."

"चुकलाय ना पण?"

दुसऱ्या दिवशी पहाटे दत्तोपंतांनी इंदूरचा टांगा धरला. तिथून आग्रा रोडनं नर्मदेवरचं खलघाट, पुढे काठाकाठानं पायी. वाटेत कुठे बसवेना.

धरमपुरीला पोचले तेव्हा पलटण काठावर उभी होती. कप्तानाच्या हातात त्यांचाच नकाशा होता. धरमपुरी धार संस्थानातली, म्हणून दरबारचे कामदार भैयासाहेब व्यवस्था पाहत होते. पहिलं खेचर पाण्यात घातलं जात होतं.

"थांबा!" दत्तोपंत ओरडले. धापा टाकत ते कप्तानापुढे गेले आणि इंग्रजीत म्हणाले, "हा नकाशा मी काढला. तो आता चुकीचा आहे."

"मग बरोबर जागा कुठली?"

"मला ठाऊक नाही. इथल्या एका बाईला ठाऊक आहे."

भैयासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, दरबारची अब्रू घालवता काय?"

तेवढ्यात आरडाओरडा झाला. खेचर मानेपर्यंत बुडालं होतं, लगाम धरणारा शिपाई त्याच्यासोबत वाहत निघाला होता. चौघांनी दोर टाकून दोघांना ओढून काढलं. शिपाई वाळूवर पडून पाणी ओकत राहिला.

कप्तानानं नकाशाची घडी घातली. "बोलवा त्या बाईला."

भवानीबाई आली ती रागातच. "तेव्हा सांगितलं, तर लेखणी थांबली तुमची. पाहिलं मी. आता कशाला आलात?"

"चुकलो, माई," दत्तोपंत म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग लुगडं खोचलं, एक बांबू स्वतः घेतला, दुसरा त्यांच्या हातात दिला. "माझ्या मागून या. पाय घसटत टाकायचा, उचलायचा नाही."

दुपारभर दोघं पाण्यात होती. तीनदा रेती पायाखालून निसटली, एकदा दत्तोपंत गळ्यापर्यंत गेले. शेवटी नदीतल्या एका बेटाच्या टोकाजवळ, जुन्या जागेपासून दोनशे पावलं खाली, तळ घट्ट लागला. दिवस मावळायच्या आत पलटण कमरभर पाण्यातून पार झाली. कप्तानानं जाताना नकाशा दत्तोपंतांना परत केला.

काठावर धोतर पिळता पिळता दत्तोपंतांनी विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय होतं?"

"फौजेत सगळे उतारवालीच म्हणायचे."

"प्रबंधात घालायचंय."

भवानीबाईनं बांबू वाळूत रोवला. "घरी मालन म्हणायचे. मालन घाला."

देवासला परतल्यावर बिनरजा गेल्याबद्दल त्यांच्याकडून वरचे वर्ग काढून घेतले गेले. नदीचं प्रकरण त्यांनी मुळापासून नव्यानं लिहिलं. वर्षभरानं पुण्याहून प्रबंध परत आला : माहिती उपयुक्त आहे, मात्र बायकांचा भाग गाळावा. त्यांनी गाळला नाही, म्हणून तो छापलाही गेला नाही.

त्या उन्हाळ्यात ते मनावर गावाच्या बाजूला होते. गावोगाव विचारत होते, फौजेमागून चाललेल्या बायकांपैकी कुणाची लेक, कुणाची नात इथं आहे का. एका गावात दोघी निघाल्या. तिसरी पुढच्या गावी राहते असं कळलं, तेव्हा दत्तोपंतांनी जेवणाचं ताट वाढायच्या आतच पायांत वहाणा सरकवल्या.