हॉलिसचा तंगूस

“हा तंगूस मुका आहे,” हॉलिस म्हणाला आणि त्याने रीळ गार्लंडच्या गळ-दोरीच्या दुकानात काउंटरवर ठेवलं. “मासा तोंड लावून गेला तरी काही सांगत नाही. दुसरा दे.”

“गेल्या शनिवारी नेलास, तोही मुकाच होता?”

“तोही.”

“आणि त्याच्या आधीचा?”

“गार्लंड, तू दुकान चालवतोस का कोर्ट?”

गार्लंड हसला, पण माझ्याकडे बघायचं टाळून हसला. हॉलिसचा शाळेपासूनचा मित्र तो, त्याला सगळं ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. हॉलिसला, माझ्या नवऱ्याला, तर होतंच होतं. ठाऊक नसल्याचं सोंग मात्र आम्ही तिघंही झकास वठवत होतो.

आमच्या बुल शोल्स तलावाचं पाणी इतकं नितळ, की जाड दोरी दिसली की बास मासा तोंड फिरवतो. म्हणून विणलेल्या दोरीपुढे वावभर फ्लुरोकार्बनचा तंगूस, म्हणजे काचेसारखा प्लास्टिकचा धागा, जोडायचा, तो पाण्यात दिसत नाही. त्याच्या टोकाला जिग. जिग म्हणजे शिशाचं डोकं, एक गळ आणि वरून रबराची झालर. तो तळाच्या दगडांवरून हळूहळू ओढत आणायचा. बास त्याला हिसडा देत नाही, नुसता तोंडात घेतो, चव बघतो आणि थुंकून देतो. तेवढ्यात बोटाला जी बारीक टिचकी लागते, ती ज्याला कळली त्याचा मासा. तंगूस बारीक घेतला तर टिचकी छान कळते, पण दगडाला घासून तुटतो. जाड घेतला तर टिकतो, पण ताठ पडतो. बारा पौंडी का पंधरा पौंडी, म्हणजे किती ताण सोसणारा, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलेनासे झालेत. मी गळाची काठी कधी हातात धरली नव्हती, पण लग्न झाल्यापासून जेवताना दुसरं ऐकलंय काय?

हॉलिस शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. चालू इंजिनावर तळहात ठेवायचा आणि आत काय कुरकुरतंय ते सांगायचा. मग रक्तातल्या साखरेने आधी त्याचे पाय बधिर केले आणि मागोमाग बोटं. गेल्या थंडीत त्याने ओव्हनमधून बिस्किटांचा ट्रे नुसत्या हातांनी काढला आणि शांतपणे टेबलावर आणून ठेवला. करपल्याचा वास मला आला, त्याला कळलंच नाही. मी किंचाळले तर म्हणतो, “ओरडतेस काय? छान झालीत.”

चर्चमध्ये प्रार्थनेला उभे राहिलो की तो अजूनही माझा हात धरतो. फक्त डोळे मिटायच्या आधी एकदा खाली बघून घेतो, धरलाय ना म्हणून. त्या हातासाठी माझा जीव किती तुटतो, हे सांगायचं तरी कुणाला? हात तर शेजारीच असतो.

“काल एक मोठा होता,” हॉलिस सांगत होता. “तोडून गेला.” त्याने बरोबर आणलेल्या काठीच्या दोरीचं टोक पुढे केलं.

टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं होतं. मासा तोडतो तेव्हा टोक असं वळत नाही. गाठ नीट बसली नाही आणि सुटली, की वळतं. गार्लंडने कात्रीने ते वेटोळं कापलं आणि गुपचूप केराच्या डब्यात टाकलं.

“मोठाच असणार,” तो म्हणाला. “हा दहा पौंडी ने. बारीक आहे, जास्त बोलेल.”

मग मात्र माझा तोल सुटला.

“पुरे करा रे दोघं! तंगूस बोलतोय, हॉलिस. कालचा बोलत होता, परवाचाही बोलत होता. तुझ्या बोटांना ऐकू येत नाही.”

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, नशीब. हॉलिसने रीळ उचललं, उलटसुलट केलं, परत ठेवलं.

“मग काय करू? होडी विकू?”

“मी असं म्हटलं का?”

“मासे नकोत गं मला. फ्रीजर भरलाय माशांनी. ती एक टिचकी हवीय. एकदाच. तू कधी काठी धरली नाहीस, तुला काय सांगणार?”

त्याचा आवाज असा झाला की माझा राग कुठल्या कुठे गेला. “दे मग,” मी म्हटलं. “दे माझ्या हातात. बघू तरी तुझी ती भवानी कोण आहे.”

दुकानासमोर खडी टाकलेली आहे. तिथे आम्ही तिघं गेलो. गाठ मी बांधली. हॉलिस माझ्या डोक्याशी उभा राहून शिकवत होता, “थुंकी लाव आधी. कोरडी ओढलीस तर जळते. लाव, लाजतेस काय?” मग काठी माझ्या हातात दिली, तंगूस बोटावरून घेतला आणि डोळे मिटायला लावले. मी जिग खडीवरून ओढायचा आणि गार्लंडने मधेच वाकून दोन बोटांनी तो हळूच चिमटायचा.

“आत्ता!”

“नाही, तो खडा होता.”

“आत्ता!”

“नेल्डा, मी अजून वाकलोसुद्धा नाही,” गार्लंड म्हणाला.

दहा, बारा, पंधरा, सगळे झाले. हळूहळू खड्यातला आणि चिमट्यातला फरक कळायला लागला. खडा खरखरतो. चिमट्यात एकदम जडपणा येतो. हॉलिस तोंडाकडे बघत होता माझ्या, काठीकडे नाही.

“पंधरा पौंडी बांध,” तो शेवटी गार्लंडला म्हणाला.

“बाराने जास्त कळेल रे.”

“हिला पंधरानेही कळतंय. आणि नवशिकी आहे, दगडात अडकवून ठेवेल.” मग जरा थांबून, “हिच्या बोटासाठी घेतोय,” असं सरळ सांगून टाकलं. किती महिने त्याच्या घशात अडकलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही होडी काढली. जिग फेकायचं काम त्याचं, खांदा अजून शाबूत आहे. काठी त्याच्याच हातात, फक्त चक्रीपुढची दोरी माझ्या बोटावरून. दोघं एका बाकावर खेटून बसलो होतो. मी “आत्ता” म्हणायचं आणि त्याने झटका मारायचा. त्याने दोन दगड आणि एक बुडालेलं देवदार पकडलं.

“छान मोठं झाड आहे,” तो म्हणाला.

“गप्प बस.”

आणि मग ते आलं. खरखर थांबली आणि बोटाला काहीतरी लागलं. मी “आत्ता” म्हणायचंच विसरले. “अगं बाई!” एवढंच तोंडातून निघालं. त्याला तेवढं पुरलं. काठी वाकली, होडी हलली, पाण्यातून हिरवंसोनेरी धूड उसळलं. हॉलिसने ते जाळीत घेतलं आणि पायाशी ठेवून दिलं. माशाकडे ढुंकूनही बघितलं नाही.

“कसं होतं?” त्याने विचारलं.

काही नाही, लागलं जरासं, असं म्हणून विषय टाळता आला असता. त्याचं चाळीस वर्षांचं सुख माझ्या बोटात आलं होतं आणि तो माझ्याकडे मागत होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

“डेनिसच्या वेळी मला पाचवा महिना होता ना,” मी म्हटलं, “तेव्हा पोटात पहिल्यांदा हललं होतं. तसं. इतकंसंच. आधी वाटतं भास झाला. मग कळतं, आत कुणीतरी आहे.”



“तेव्हा तू माझा हात पोटावर ठेवला होतास,” तो म्हणाला.

“हो. आणि तुला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. रडकुंडीला आला होतास.”

“तू सांगितलं होतंस मग. रात्रभर सांगत होतीस.”

“तूच झोपू देत नव्हतास.”

पायाशी मासा तडफडत होता. हॉलिसने वाकून त्याला जाळीतून सोडवलं, पाण्यात घातलं, आणि ओले हात पँटीला पुसून परत माझ्याजवळ बसला.

“पुन्हा सांग,” तो म्हणाला. “सुरुवातीपासून.”