हिवरा आश्रमाला जातो म्हणून

हिवरा आश्रमाला आठ दिवस सेवेला जातो, असं बायकोला, विमलबाईंना सांगून उकंडराव थेट विशाखापट्टणमला लेकीकडे पोचले होते. प्रतीक्षानं गावातल्याच, पण परजातीच्या अश्वजितशी लग्न केलं तेव्हापासून मोताळ्याच्या घरात तिचं नाव निघत नव्हतं. विमलबाईंपुढे विषय काढायची सोयच नव्हती. पण यंदा सोयाबीन निघालं, हात रिकामे झाले, तसा उकंडरावांचा जीव लेकीसाठी तुटायला लागला.

दुसऱ्याच दिवशी ती काम करत होती त्या दवाखान्यातून फोन आला आणि प्रतीक्षाची सुट्टी रद्द झाली.

"बाबा, आज हे दाखवतील तुमाले शहर," म्हणत ती ड्युटीवर निघून गेली. ज्या जावयाशी आजवर धड दोन शब्द बोलले नव्हते, त्याच्याच मोटारसायकलवर मागं बसून उकंडराव शहर बघायला निघाले.

समुद्र त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाहिला. एवढं पाणी आणि वावराले एक थेंब कामाचा नाही, असं मनात आलं. विमलबाई सोबत असत्या तर हे बोलून दोघं हसले असते. अश्वजितला कसं सांगणार?

किनाऱ्यावर वाळूत लढाईतली जुनी पाणबुडी उभी होती. आता तिकीट काढून आत जाता येत होतं. वाकून, अंग चोरून दोघं आत शिरले. कपाटाच्या फळ्यांसारख्या झोपायच्या जागा एकावर एक होत्या.

"एकाहत्तरच्या लढाईत होती हे," अश्वजित म्हणाला. "एक जण उठला का दुसरा त्याच जागेवर झोपे."

"अन् घरच्याईले काय सांगून येत असतील?"

"सांगताच येत नसे, मामाजी. कुठं हाये, काही पत्ता नसे."

आत कोंदट वाटायला लागलं, तसे उकंडराव लगबगीनं बाहेर आले. तेवढ्यात फोन वाजला. विमलबाई होत्या.

"तब्येत बरी हाये ना? जेवले का?"

"हो."

"आवाज कायचा येऊन राह्यला?"

मागं लाटा आपटत होत्या. "गर्दी हाये इथं. लोकं लय आले."

"बरं. सांभाळून राहा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

अश्वजित दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सावलीत जाऊन त्यानं डबा उघडला. ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा.

"प्रतीक्षानं केल्या?"

"तिले कुठं टाइम? म्याच थापल्या."

भाकरी कडेला जाड होत्या. उकंडरावांनी दोन खाल्ल्या.

दुपारी ते युद्धात कामी आलेल्यांच्या स्मारकापाशी गेले. लोक बायकापोरं घेऊन आले होते, एकमेकांचे फोटो काढत होते. दोघं कठड्यावर बसले, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"तुह्ये माय-बाप येऊन गेले असतील इकडं," उकंडरावांनी विचारलं.

"नाही. बाबा म्हणते, पह्यले तिच्या घरचे येऊ दे, मंग आपण."

"मंग?"

"मंग काय? तुमीच पह्यले आले, मामाजी."

दूरवर एक जहाज एका जागी थांबल्यासारखं दिसत होतं.

"फोटो काढू का तुमचा?" अश्वजितनं विचारलं.

"काढ. पण तुह्याच मोबाइलात राहू दे. घरी नको पाठवू."

"नाही पाठवत."

ते उठून समुद्राकडे पाठ करून उभे राहिले, टोपी नीट केली. अश्वजित मोबाइल धरून थोडा थांबला. त्यालाही शेजारी बोलवावं, कोणाला तरी सांगावं दोघांचा काढायला, असं उकंडरावांच्या अगदी ओठांवर आलं. पण त्याला हाक कशी मारायची? नावानं, का जवाईबापू म्हणून? ते ठरेपर्यंत फोटो निघून गेला होता.

अश्वजितनं तो आणून दाखवला. मागं पाणीच पाणी आणि मध्ये एकटा म्हातारा.

"चांगला आला," उकंडराव म्हणाले.