ज्याचा जीव, त्याचा हात

प्रेमाची आणि आरोग्याची देवी त्या शहरात जातीने दवाखाना चालवायची, पण औषध कधी देत नसे. रोग्यावर ज्याचा खरा जीव असेल, त्याने दुखऱ्या जागी हात ठेवायचा, की दुखणं तिथल्या तिथे पळालं.

म्हणूनच उडत्या घोड्यावरून पडलेल्या नवऱ्याला तिथे आणताना कोतवालीणबाई दारातच घुटमळल्या होत्या. बाकांवर सगळी ओळखीची माणसं. बाईंनी त्याच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. सूज ढिम्म हलली नाही. मग मुलाने ठेवला, सुनेने ठेवला, सख्ख्या भावाने तर दोन्ही हात ठेवले. गुडघा आपला भोपळ्यासारखा तसाच.

"एकजात कृतघ्न!" कोतवाल गरजला, आणि कळ आली म्हणून त्याने स्वतःच गुडघा गच्च धरला. सूज झटक्यात उतरली.

"बघा, मला देवी पावली!" म्हणत तो टुणकन उठला. बाकांवरच्या माणसांना एकाएकी खोकला आला.

कोतवालीणबाईंची कंबर कित्येक वर्षं धरलेली होती. "अहो, आता माझ्या कमरेला हात लावता का?"

त्याने लावला, दाराकडे बघत. काही झालं नाही. मग बाईंनी हळूच आपलाच हात ठेवून पाहिला. तरीही काही नाही.

"तुला पथ्य सांगते," देवी म्हणाली. "महिनाभर या माणसाचं काहीएक करायचं नाही. मग ये. तुझाच हात तुला लागू पडेल."